वाळवंटातला फिरता संसार

मैत्रिणींनो, घर म्हटले की त्यात काय काय यायला हवे, मोजा पाहू बोटांवर. ओटा, शेगडी, मोरी, न्हाणीघर, पाण्याची टाकी, कपड्यांचे कपाट, पाठ टेकायला पलंग. झालंच तर देवासाठी एखादी फळी. आता हे सगळे पंचवीस फूट लांब आणि आठ फूट रुंद अशा एका मोटारीत बसवा, पुढे ड्रायव्हरची जागा ठेवा, आणि ते घर वाळवंटातून दोन हजार किलोमीटर फिरवून आणा. जमेल?

आमच्या थोरल्या वन्संनी ते केले. वन्सं आणि भावोजी गेली वीस वर्षे अमेरिकेत, अ‍ॅरिझोना राज्यातल्या फीनिक्स शहरात राहतात. दोघांची पन्नाशी उलटली आहे, मुलगा शिकायला दूर गेला आहे. घर एकदम रिकामे झाले तेव्हा भावोजी म्हणाले, "चल, आर. व्ही. भाड्याने घेऊ आणि फिरून येऊ." आर. व्ही. म्हणजे हेच चाकांवरचे घर. तिकडे साध्या मोटारीच्या परवान्यावर ते चालवता येते. वन्संशी फोनवर तासन्‌तास बोलून मी सारे विचारून घेतले. देखावे काय, फोटोतही दिसतात. मला विचारायचे होते, की भांडी कुठे घासलीत, सांडपाणी कुठे गेले आणि भांडण झाले तर रुसून बसायला जागा कुठे होती!

आधी ऋतू बघा

ते निघाले ऑक्टोबरात. फीनिक्सचा उन्हाळा म्हणजे आपल्या विदर्भाच्या वरताण. २०२३ साली तिथे सलग ३१ दिवस पारा रोज ४३ अंशांच्या वर जात होता. शिवाय जुलै-ऑगस्टात तिथे वळवासारखा पाऊस येतो, आणि वाळवंटातला पाऊस फसवा असतो बरं का. पेज गावाजवळ अँटिलोप कॅन्यन नावाची एक अरुंद, देखणी घळ आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी तिथे ११ प्रवासी अचानक आलेल्या पुरात दगावले. पाऊस पडला होता मैलोगणती दूर. घळीतल्या माणसांना वाटले, आपल्याकडे तर कोरडे आहे. म्हणून तिकडे कोरड्या ओढ्यात मुक्काम करायचा नाही आणि पाणी वाहत असलेल्या रस्त्यावर गाडी घालायची नाही, हा पहिला नियम.

सात बादल्यांचा हिशेब

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय, पाणी. या गाडीला तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी मोरीच्या आणि न्हाणीच्या सांडपाण्याची, तिसरी संडासची. वन्संच्या गाडीतली स्वच्छ पाण्याची टाकी होती सुमारे दीडशे लिटरची. म्हणजे आपल्या सात-साडेसात मोठ्या बादल्या. नळ आणि वीज जोडून देणारा तळ मिळाला तर चिंता नाही, पण उघड्या माळावर मुक्काम असला की तेवढ्यात दोन माणसांचे दोन-तीन दिवस काढायचे.

"पहिल्या दिवशी मी घरच्यासारखा नळ सोडून भांडी घासली," वन्सं सांगत होत्या, "आणि रात्री काटा बघते तर टाकी अर्धी!" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माहेरची रीत काढली. ताट आधी कागदाने पुसायचे, मग तांब्याभर पाण्यात घासायचे आणि तांब्याभर पाण्यात विसळायचे. आंघोळीला अंग भिजवून नळ बंद, साबण लावून झाला की पुन्हा चालू. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावातल्या आपल्यासारख्या बायकांना यात नवे ते काय! पिण्याचे पाणी मात्र त्यांनी वेगळ्या कॅनमध्ये ठेवले होते. वाळवंटात माणशी रोज सुमारे चार लिटर पिण्याचे पाणी धरायचे असते.

आणि घाण टाक्या? त्या ठरवून दिलेल्या जागीच रित्या करायच्या. जाड नळी जोडून आधी संडासची टाकी सोडायची, मग सांडपाण्याची, म्हणजे मागून येणाऱ्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. हे काम कोणी केले, हे विचारल्याशिवाय मला राहवेना. "ह्यांनी!" वन्सं हसून म्हणाल्या. निघतानाच वाटणी झाली होती, स्वयंपाक माझा तर टाक्या तुमच्या.

गॅस खाली साचतो

गाडीतली शेगडी गॅसवर चालते आणि फ्रीजही गॅसवर चालू शकतो. गॅस गळला तर किंचाळणारे एक यंत्र भिंतीवर असते, तेही अगदी जमिनीलगत. असे का? कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. आपल्या सिलिंडरचेही तेच. वास आला की दिव्याचे बटण न दाबता रेग्युलेटर बंद करायचा आणि दारे-खिडक्या उघडायच्या. ओट्याखालचे कपाट घट्ट बंद करून आत सिलिंडर ठेवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

वन्संनी बरोबर घेतलेली सर्वांत उपयोगी वस्तू कोणती, सांगू? आपला प्रेशर कुकर! ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटर उंच आहे. इतक्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ तासभर ठेवली तरी टणक राहते. शेजारच्या गाडीतली बाई घेवडा शिजवता शिजवता थकली, तर वन्संचे वरण शिट्ट्या होऊन तयार. मग काय, तीही वाटी घेऊन आली!

काय पाहिले

टुसॉन शहराजवळचे सग्वारो निवडुंगांचे रान त्यांनी आधी पाहिले. हा निवडुंग चाळीस-पन्नास फुटांपर्यंत वाढतो, पण पहिल्या आठ वर्षांत त्याची वाढ जेमतेम इंच-दीड इंच. रोपटे जगते ते एखाद्या मोठ्या झाडाच्या सावलीत. ते झाड त्याला ऊन आणि थंडी लागू देत नाही, म्हणून त्याला तिकडे दाईचे झाड म्हणतात. तिथले मूळचे तोहोनो ओऑडम लोक जूनमध्ये लांब काठीने या निवडुंगाची फळे पाडतात आणि त्यांचा पाक करतात. आपल्या बांधावरचा फड्या निवडुंगसुद्धा मूळचा अमेरिकेचाच, ठाऊक होते का?

मग न्यू मेक्सिकोतले व्हाइट सँड्स. तिथली वाळू पांढरीशुभ्र, कारण ती जिप्समची आहे. ज्याचे प्लास्टर ऑफ पॅरिस होते आणि त्यापासून शाळेतले खडू करतात, तेच हे जिप्सम. मी वर्गात हे सांगितले तेव्हा मुली हातातला खडू निरखून पाहू लागल्या! भर उन्हातही ही वाळू तापत नाही, अनवाणी चालता येते. पण याच भागात, काही अंतरावर, १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली.

तिथून वर, नवाहो लोकांच्या मुलखात मॉन्युमेंट व्हॅली. लाल मातीत उभे असलेले उंच सुळके आपण सिनेमात पाहिलेले असतात. तिथे घड्याळाची गंमत आहे. उन्हाळ्यात अ‍ॅरिझोना घड्याळ पुढे करत नाही, नवाहो करतात, आणि त्यांच्या मधोमध राहणारे होपी लोक करत नाहीत. "एका दिवसात तीनदा घड्याळ फिरवलं, शेवटी पोटाला भूक लागेल ती वेळ खरी धरली," वन्सं म्हणाल्या.

रस्त्याकडेच्या टपरीत एका नवाहो आजींनी त्यांना तळलेली भाकर दिली. दिसायला आपल्या भटुऱ्यासारखी. तिची कहाणी मात्र जिवाला लागते. १८६४ साली अमेरिकन सैन्याने या लोकांना घरातून काढून शेकडो किलोमीटर पायी चालवत नेले आणि एका उजाड जागी डांबले. मका पिकवणाऱ्या, मेंढ्या पाळणाऱ्या या बायकांच्या हाती शिधा म्हणून पांढरे पीठ आणि चरबी आली. त्यातून ही भाकर जन्मली असे ते लोक सांगतात. १८६८ च्या तहानंतर ते घरी परतले. पण आजही तिथल्या कितीतरी घरांत नळ नाही, पाणी पिंपात भरून गाडीने आणावे लागते. २०२३ साली ते पाण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे ५ विरुद्ध ४ मतांनी हरले. आपण सात बादल्यांत हौसेने राहतो आणि इथे जन्मभर तसेच राहतात, हे वन्संच्या मनातून जाईना.

तो दिवस

आता मुख्य गोष्ट. मॉन्युमेंट व्हॅलीहून पेजकडे जाताना भावोजी सकाळपासून पाणी पीत नव्हते. का, तर सारखे थांबावे लागू नये आणि टाकी भरू नये! ऑक्टोबरात ऊन सोसण्याजोगे होते, पण तिथली हवा इतकी कोरडी की घाम येतो तो कळायच्या आत वाळतो. तहान लागल्याचे कळतच नाही. दुपारी त्यांचे डोके दुखू लागले, मग गरगरू लागले. त्यांनी कशीबशी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोके टेकले. आजूबाजूला वस्ती नाही आणि फोनला रेंज नाही.

वन्संनी काय केले? पलंगावर निजवले, पाय उंच केले, खिडक्या उघडल्या आणि मीठ-साखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजले. मग गॅसची मुख्य तोटी बंद केली, पायरी आत घेतली आणि त्या स्वतः ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या. पेजपर्यंतचे साठेक किलोमीटर हळूहळू गाडी चालवत त्यांनी नवऱ्याला दवाखान्यात पोचवले. सलाइन लागले, दुसऱ्या दिवशी बरे वाटले.

हे त्यांना जमले कसे? त्यांनी निघण्याआधीच तयारी केली होती. भाड्याच्या कागदावर दुसरी चालक म्हणून आपले नाव घालायला त्यांनी लावले. "तू कशाला त्रास घेतेस, मी आहे ना," असे भावोजी म्हणाले होते. म्हणायचे प्रेमानेच, आपल्याकडेही म्हणतात. पण वन्संनी हट्टाने दोन सकाळी रिकाम्या पटांगणात ती अगडबंब गाडी चालवून पाहिली. पुढे घेतली, मागे घेतली. मागे घेताना बाहेर उभे राहणाऱ्याने आरशात दिसेल असेच उभे राहायचे, हाताने खूण करायची आणि ओरडायचे नाही, हेही ठरले. (निम्मी भांडणे तिथेच वाचली म्हणे!)

पेजहून पुढे ग्रँड कॅन्यनपर्यंत दोघांनी आळीपाळीने गाडी हाकली. तिथे दीड किलोमीटरहून खोल दरीच्या काठावर डेझर्ट व्ह्यू नावाचा दगडी मनोरा आहे. तो बांधून पुरा झाला १९३२ साली आणि त्याचा आराखडा एका बाईचा, मेरी कोल्टर यांचा. त्या काळी हे क्षेत्र पुरुषांचेच समजत, पण त्या काठावरच्या कितीतरी इमारती त्यांच्याच. भावोजी त्या मनोऱ्याखाली उभे राहून म्हणाले, "पुढच्या खेपेला आधी तू चालव, मी नकाशा बघतो." वन्संना तेवढे पुरले.

आपल्यासाठी

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणी त्या वाळवंटात जातील? थोड्याच. पण "मी आहे ना" हे वाक्य आपल्या प्रत्येकीच्या घरात आहे, आणि तो "मी" एखाद्या दुपारी पलंगावर आडवा असू शकतो. म्हणून येत्या रविवारी एवढे करा.

विजेचा मुख्य खटका, पाण्याचा मुख्य कॉक आणि गॅसचा रेग्युलेटर स्वतःच्या हाताने बंद-चालू करून पाहा. विम्याचे कागद, बँकेची पुस्तके, औषधांच्या चिठ्ठ्या कुठे आहेत ते दोघांनी मिळून एका वहीत लिहा. दारात स्कूटर वा मोटार असेल तर ती शिका, रीतसर परवाना काढा. वय आड येत नाही, वन्सं त्रेपन्नाव्या वर्षी शिकल्या.

आणि मीठ-साखरेच्या पाण्याचे प्रमाण कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. उकळून गार केलेले एक लिटर पाणी, चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त होता कामा नये. चोवीस तासांनी उरलेले टाकून द्या. माणूस असंबद्ध बोलू लागला, उलटी थांबेना किंवा शुद्ध हरपत असेल तर पाणी पाजत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

हे सगळे शिकायला घरच्या माणसाचीच मदत घ्या. चार दिवस कुरकुर होईल, पाचव्या दिवशी तोच कौतुकाने शेजाऱ्यांना सांगत सुटेल. पाहा करून!