वारीच्या पडशीत काय असावे?

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते. त्याआधीचे पंधरा दिवस माझ्या दवाखान्यात एकच प्रश्न असतो, "डॉक्टर, बरोबर कोणती औषधं घेऊ?" मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या महिनाभर पुरतील इतक्या घ्या, एवढे सांगितले की ते संपते. वाटेवर आपण मागे काय टाकून जाणार, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते आरोग्याचा खरा प्रश्न तो आहे.

आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. लाखो माणसे एका गावी मुक्काम करतात आणि पहाटे पुढे जातात. गाव तिथेच राहते. दिवस पहिल्या पावसाचे. बांधावर, ओढ्याकाठी जी घाण झाली असेल ती दोन सरींत ओढ्यात आणि तिथून उघड्या विहिरीत उतरते. हगवण, कावीळ, विषमज्वर यांची वाट हीच. ज्या घराने आपल्याला पिठलं-भाकरी वाढली त्याच घरातले पोर मग आजारी पडते, आणि मागून येणारी दिंडीही त्याच विहिरीचे पाणी पिते. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेत पटकीच्या साथी वारंवार येत, त्या काही दैवी कोपाने नव्हेत. आता मुक्कामांवर फिरती शौचालये असतात. पहाटे तिथे रांग लागते हे खरे, पण कंटाळून शेताकडे वळू नये. साबणाची वडी मात्र स्वतःची हवी.

दुसरी गोष्ट चहाचे कप, द्रोण आणि पाण्याच्या बाटल्या. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, तरी दिंडी पुढे गेल्यावर रस्त्याची कड पाहावी. फेकलेल्या कपात बोटभर पाणी साचले तरी डेंग्यूचा डास तिथे अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. तोवर आपण कितीतरी मुक्काम पुढे गेलेलो असतो. उरलेला ढीग गावकरी पेटवतात, त्याचा धूर दमेकऱ्यांच्या छातीत जातो.

"पण डॉक्टर, बाटलीबंद पाणीच सुरक्षित, असं तुम्हीच सांगता ना?" असे कुणी म्हणेल. दुसरे साधन नसेल तिथे जरूर घ्या. रोज चार बाटल्या घेऊन त्या वाटेत टाकणे मात्र मला पटत नाही. आपल्या आज्यांकडे फिरकीचा तांब्या असे. आज स्टीलची बाटली आहे. ती घ्या आणि पाणी स्वतः शुद्ध करा, फार खटाटोप नाही.

आधी पाणी गाळावे. त्यासाठी जुनी सुती साडी उत्तम, कारण वारंवार धुऊन तिची वीण दाट झालेली असते. बांगलादेशातील खेड्यांत साडीची किमान चौपदरी घडी करून पाणी गाळायला शिकवले, तेव्हा पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात, ते जीव साडीत अडकतात. पण नुसत्या गाळण्याने पाणी निर्जंतुक होत नाही. गाळल्यावर क्लोरीनची गोळी किंवा थेंब वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, म्हणून गाळणे आधी. पुष्कळजण नेमका हा अर्धा तास गाळतात! मुक्कामाला पोचताच बाटली भरून औषध टाकावे, अभंग होईपर्यंत पाणी तयार.

बाटलीत किती पाणी मावते ते घरीच मोजून ठेवावे. जुलाब लागले तर जलसंजीवनीची मोठी पुडी १ लिटर शुद्ध पाण्यातच कालवायची असते, अंदाजाने पेलाभर पाण्यात नव्हे. पुडी नसल्यास १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. तोंडाला कोरड पडली, लघवी कमी झाली किंवा पातळ पाण्यासारखे जुलाब थांबेनात, तर त्या दिवशी चालणे बंद ठेवून पालखी मार्गावरील वैद्यकीय पथक गाठावे.