ताबेगहाण आणि शब्दांची वही

सीमाभागातील मराठी घरांत दहावी-बारावीच्या मुलांपाशी हल्ली एक वही हमखास आढळते. डाव्या रकान्यात अवघड इंग्रजी शब्द, उजव्या रकान्यात त्याहून किंचित सोपा इंग्रजी शब्द. रोज वीस शब्द, रविवारी उजळणी. शिकवणीवर्गाचा दंडक असा की अर्थ इंग्रजीतच लिहायचा. मराठीत लिहिला तर लाल शाईने खोडला जातो. पालक ती वही आम्हाला कौतुकाने दाखवतात. आमचे भांडण इंग्रजीशी नाही. आमचा चरितार्थच तिच्यावर चालतो. भांडण त्या उजव्या रकान्याशी आहे.

अशाच वह्यांवर वाढलेली, आपल्याच भागातील एक हुशार मुलगी गेल्या वर्षी आमच्या कचेरीत उमेदवारीसाठी आली. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५८ मधील गहाणाचे सहाही प्रकार तिला मुखोद्गत होते. 'युझुफ्रक्चुअरी मॉर्गेज'ची व्याख्या तिने एका दमात म्हणून दाखवली. त्याच आठवड्यात खेड्यातून एक आजी आल्या. शेत पन्नास वर्षांपूर्वी दुसऱ्याकडे गेलेले. आजी म्हणाल्या, "ताबेगहाण दिल्यालं हाय. शेत त्यानं खायाचं, व्याज त्यातच फिटायचं, पैसे दिले की शेत माघारी, अशी बोली हुती." मुलीने 'गहाण' एवढेच टिपले, मुदत कायद्यातील तीस वर्षे मोजली आणि टाचण लिहिले: दावा मुदतबाह्य.

वस्तुतः आजींनी तिला कलम ५८ मधील तीच व्याख्या अस्सल मराठीत ऐकवली होती. 'युझुफ्रक्चुअरी'च्या मुळाशी लॅटिनमधले दोन साधे शब्द आहेत, एकाचा अर्थ वापर, दुसऱ्याचा फळ. शेताचे फळ धनकोने खायचे, हेच ताबेगहाण. जमिनीचा ताबा न देता केलेले ते नजरगहाण. आणि नेमक्या याच भेदावर आजींचे शेत अवलंबून होते. ताबेगहाणात केवळ गहाणाच्या तारखेपासून तीस वर्षे लोटली म्हणून सोडवणुकीचा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सिंग राम विरुद्ध शेओ राम या खटल्यात स्पष्ट केले आहे. मुलीला हा निकालही ठाऊक होता! तिला इंग्रजी कमी येत होते असे कोण म्हणेल? तिच्या डोक्यातील इंग्रजी शब्द आणि तिच्या आजोळच्या बांधावरचा मराठी शब्द यांची भेट कोणी घालून दिली नव्हती, एवढेच. (कन्नडमध्ये याच जातीच्या व्यवहाराला 'भोग्य' म्हणतात. तोही शब्द तिने वहीत लिहिला असता तर आम्हाला आनंदच झाला असता.)

'एक्झिक्यूट' हा शब्द घ्या. वहीत त्याच्यासमोर 'पार पाडणे' या अर्थाचा एखादा इंग्रजी शब्द असतो आणि मुले तेवढ्यावर समाधान मानतात. मराठी माणूस मात्र खरेदीखत करून देतो, हुकूमनाम्याची बजावणी करवून घेतो आणि गुन्हेगाराला फाशी देतो. इंग्रजीने एका पोत्यात घातलेले तीन अर्थ मराठीने तीन ठिकाणी ठेवले आहेत. ज्याला हे तीन प्रयोग ठाऊक, त्याला तो इंग्रजी शब्द इंग्रजाइतकाच कळला. 'सँक्शन'चे तसेच: कर्जाच्या बाबतीत मंजुरी, एखाद्या देशाच्या बाबतीत निर्बंध. इंग्रजी प्रतिशब्दांची रांग पाठ करणारे मूल इथे हटकून फसते.

शब्दांची ही भेट घालून देण्याचे काम आपल्याकडे कोणी केलेच नाही, असेही नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, सुधारलेली आवृत्ती १८५७ साली. कँडीने पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. परक्या साहेबाला कारभारासाठी कुणब्याचा शब्द टिपून घेण्याची गरज वाटली. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' सिद्ध करवला, त्यात इंग्रजी प्रशासकीय शब्दांसमोर मराठी-गुजरातीसह अनेक भाषांतील प्रतिशब्द मांडले. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला हे ठाऊक असायला हवे, कारण ते काम महाराष्ट्राबाहेरच झाले.

"परीक्षेला मराठी अर्थ विचारत नाहीत," असे पालक म्हणतात. खरे आहे. पण परीक्षा तरी नुसती यादी विचारते का? विधी महाविद्यालयांच्या सामायिक प्रवेश परीक्षेत, म्हणजे क्लॅटमध्ये, २०२० पासून उतारे देऊन प्रश्न विचारतात. परदेशी जाणाऱ्यांच्या जीआरई परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न २०११ मध्येच गेले. कर्मचारी निवड आयोगासारख्या परीक्षांत समानार्थी शब्द अजून येतात, हे मान्य. त्यांच्यासाठी यादी जरूर पाठ करावी. पण शेजारी मराठी शब्द लिहिल्याने त्या परीक्षेतला कोणता गुण कमी होतो, हे आम्हाला एकाही वर्गचालकाने अद्याप सांगितलेले नाही.

आता थोडे स्वकीयांविषयी. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० क चा आधार घेऊन आम्ही मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मागतो. सरकारी परिपत्रके मराठीत द्या म्हणून निवेदने देतो, मोर्चे काढतो. परिपत्रक उद्या मराठीत मिळालेच, तर 'निष्पादन', 'बोजा', 'फेरफार' हे शब्द वाचून समजणारी मुले आपल्या घरांत किती उरली आहेत? मराठीतला अर्थ खोडणारी लाल शाई बेंगळुरूहून आलेली नाही. त्या वर्गाची फी आम्हीच भरतो, आणि तो वर्ग चालवणाराही बहुधा आपल्याच मेळाव्यात पहिल्या रांगेत बसलेला असतो.

म्हणून येत्या जूनपासून सीमाभागातील वाचनालयांनी आणि मराठी मंडळांनी एवढे करावे: मुलांच्या वहीत तिसरा रकाना आखून द्यावा. त्यातला शब्द कोशातून उतरवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावा. जुनी खरेदीखते, गहाणखते पेटीतून काढून मुलांपुढे ठेवावीत. आजींचा दावा आम्ही दाखल केला आहे. वादपत्राचा इंग्रजी मसुदा त्याच मुलीने केला; 'ताबेगहाण' हा शब्द तिने जसाच्या तसा ठेवला आणि त्याचा इंग्रजी अर्थ पुढे लिहिला.