पैलतीरावरची मोटार

काटकसर हा गृहस्थाश्रमाचा भूषणभूत गुण आहे. परंतु काटकसर कोठें संपते आणि लोभ कोठें सुरू होतो, हें ओळखणें नेहमींच सोपें नसतें. शेजारच्या राष्ट्रांत मोटार स्वस्त मिळते, तर ती तेथून विकत आणावी काय, हा प्रश्न अशांपैकींच एक होय. आपल्यांतील पुष्कळ कुटुंबांचे मुलगे व सुना आज कॅनडांत नांदत आहेत, आणि त्यांच्या घरीं एके काळीं या गोष्टीची चर्चा पानावर बसल्यावरहि चाले. म्हणून या महिन्यांत तोच विषय घेतला आहे.

तो काळ 2007 सालचा. 2002 च्या आरंभीं कॅनडाचा एक डॉलर दिला असतां अमेरिकेचे जेमतेम 62 सेंट हातीं येत. पुढें हुंडणावळ पालटत गेली, आणि 20 सप्टेंबर 2007 रोजीं दोन्ही डॉलर समान झाले. 1976 नंतर असें प्रथमच घडलें. नोव्हेंबरांत तर कॅनडाचा डॉलर अमेरिकेच्या डॉलराहून सुमारें दहा सेंटांनीं वरचढ ठरला. नाण्याचें मोल असें चढलें, तरी कॅनडांतील मोटारींच्या किंमती त्या मानानें उतरल्या नाहींत. त्या ठरल्या होत्या जुन्या हुंडणावळीच्या दिवसांत, आणि त्या खालीं आणण्याची घाई विक्रेत्यांना कशाला असेल? विशेष नवलाची गोष्ट ही कीं, ओंटारिओ प्रांतांतील कारखान्यांत तयार झालेल्या कित्येक गाड्या अमेरिकेंत जाऊन तेथें घरच्यापेक्षां कमी किंमतींत विकल्या जात. विंडसर आणि डेट्रॉइट या दोन शहरांमध्यें एक नदी आणि तिच्यावरचा 1929 सालचा पूल, एवढेंच अंतर. लोक पूल ओलांडूं लागले यांत आश्चर्य तें काय?

आतां हिशेब पाहूं. समजा, एका मोटारीची किंमत कॅनडांत 34,000 डॉलर व अमेरिकेंत 28,000 डॉलर आहे. प्रथमदर्शनीं 6,000 वांचले. मोटार उत्तर अमेरिकेंतील तीन राष्ट्रांत तयार झालेली असली, तर तेव्हांच्या व्यापारी करारानें तिला जकात माफ होती. पण ती जपानांत तयार झालेली असेल, तर 6.1 टक्के जकात, म्हणजे 1,708 डॉलर. गाडींत थंड हवेचें यंत्र असल्यास त्याचा कर 100. बाहेरच्या मोटारींच्या नोंदणीचें शुल्क सुमारें 200. विक्रीवरचे कर मोटार कोठूनहि आणली तरी भरावेच लागत, म्हणून ते सोडून देऊं. उरले चार हजार. त्यांतून जाण्यायेण्याचा, मुक्कामाचा आणि दुरुस्तीचा खर्च वजा करावा. इतकें करूनहि बचत उरतेच, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु पैशाबरोबर श्रमांचाहि हिशेब आहे. ती जातीची मोटार कॅनडाच्या नियमांत बसविणें शक्य आहे कीं नाहीं, हें सरकारी यादींत अगोदर पाहावें लागतें; कांहीं मोटारी कितीहि खर्च केला तरी बसत नाहींत. मालकीहक्काचे कागद अमेरिकेच्या नाक्यावर निदान 72 तास आधीं द्यावे लागतात. कारखान्यानें दोष काढण्यासाठीं परत बोलाविलेल्या मोटारींत ही नाहीं, असा दाखला लागतो. दिवसा आपोआप लागणारे दिवे कॅनडांत 1989 च्या डिसेंबरपासून आवश्यक आहेत. ते नसतील तर बसवावे लागतात. वेग दाखविणाऱ्या तबकडीवर किलोमीटर हवेत. हें सर्व करून 45 दिवसांच्या आंत तपासणी उरकावी लागते. शिवाय त्या वर्षीं कांहीं कारखानदारांनीं अमेरिकेंत घेतलेल्या मोटारींची हमी कॅनडांत मानण्याचें नाकारलें होतें.

माझा एक जुना विद्यार्थी टोरांटोजवळ राहतो. त्याच्या वडिलांना आठवड्यांतून तीन वेळां डायलिसिससाठीं रुग्णालयांत न्यावें लागे, आणि हिमवर्षावांत जुनी गाडी वारंवार बंद पडे. त्यानें सीमेपलीकडे एक वापरलेली पण मजबूत मोटार पाहिली. विकणारा गृहस्थ पावतीवर पांच हजार डॉलर कमी लिहून देण्यास तयार होता. त्यामुळें जकात व कर मिळून हजारभर डॉलर वांचणार होते. “गुरुजी, यांत कोणाचें नुकसान होतें?” असें त्यानें मला पत्रांत विचारलें.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत शुल्काध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. शुल्काच्या भयानें जो मालाचें प्रमाण किंवा मोल कमी सांगेल, त्याच्याकडून वरचा भाग राजानें घ्यावा किंवा आठपट शुल्क वसूल करावें, असें तेथें सांगितलें आहे. म्हणजे ही युक्ति दोन हजार वर्षांची जुनी, आणि तिच्यावरचा दंडहि तितकाच जुना. आजहि मोल खोटें सांगितल्यास कॅनडाचें जकातखातें मोटार जप्त करूं शकतें. मी हें त्याला कळविलें. पण माझें पत्र पोंचण्यापूर्वींच घरांत निकाल लागला होता. त्याच्या पत्नीनें एवढेंच विचारलें, “ज्या दिवशीं मामंजींना न्यायचें, त्या दिवशीं गाडी नाक्यावर अडकून पडली तर?” पावती पुऱ्या किंमतीची झाली. बचत घटली, पण मोटार वेळेवर दारांत आली, आणि तो हिंवाळा त्याच्या वडिलांची एकहि खेप चुकली नाहीं.

वाचकांपैकीं कोणाच्या मुलाच्या मनांत आज असा बेत असेल, तर त्यानें जुन्या हिशेबावर विसंबूं नये. दोन डॉलरांची ती बरोबरी पुढें टिकली नाहीं. शिवाय 9 एप्रिल 2025 पासून, अमेरिकेच्या करांना उत्तर म्हणून, कॅनडानें तेथून येणाऱ्या मोटारींवर 25 टक्के जादा जकात बसविली. नव्या व्यापारी कराराच्या अटींत बसणाऱ्या मोटारींना तींत अंशतः सूट दिली. तेव्हां त्या दिवशींची हुंडणावळ आणि त्या दिवशींची जकात विचारून घ्यावी. मग कागदावर खरी किंमत, जकात, दुरुस्ती, प्रवास आणि हमी अशीं पांच कलमें मांडावींत, आणि तो कागद घरांतील वडील माणसांना व सुनांना दोघांनाहि दाखवावा. खरी रक्कम लिहून जी बचत उरेल, ती निःशंकपणें घरांत आणावी.