दम लागतोय, पण सांगायचं कुणाला?

साठीतल्या माणसाला दम लागला की घरचे म्हणतात, 'वय झालं'. चुलीपुढे आयुष्य गेलेल्या दादीच्या खोकल्याकडे तर कुणी लक्षही देत नाही. पण हा वयाचा दोष नाही, सीओपीडी हा फुप्फुसाचा जुनाट आजार असू शकतो. 2016 मध्ये देशात त्याचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते. बिडी हे एक कारण, चुलीचा धूर हे दुसरे. म्हणूनच कधीही बिडी न ओढलेल्या बायकांनाही तो होतो.

2018 पासून धाराशिव आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. त्या कार्यक्रमात आरोग्याचा भर माता, बालके आणि टीबीवर आहे. आशाताई तीस वर्षांवरील लोकांचा फॉर्म भरतात, त्यात स्वयंपाकाचे इंधन आणि दम लागतो का, हेही विचारले जाते. म्हणजे आजार शोधण्याची सोय आहे. पण तो अचानक उसळला तर काय ओळखायचं आणि कुणाला कळवायचं, हे रुग्णाला नीट सांगितलं जात नाही. मग परंडा-भूमची माणसं अगदी जीव घाबरा झाल्यावर बार्शीला धाव घेतात.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. 1998 मध्ये लंडनच्या संशोधकांनी रुग्णांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आजार उसळल्याच्या जवळपास निम्म्या वेळा रुग्णांनी कळवलंच नव्हतं. प्रत्येक झटक्यात फुप्फुस थोडं आणखी खचतं आणि उपचाराला जितका उशीर, तितकं बरं व्हायलाही उशीर.

ओळखायच्या खुणा तीन : नेहमीपेक्षा जास्त दम, वाढलेला कफ आणि त्याचा पिवळा-हिरवा रंग. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी आशाताईंना सांगा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. ओठ निळे पडले, एक वाक्यही सलग बोलता येईना किंवा माणूस गुंगीत गेला, तर थेट 108.

रमजानमध्ये ही काळजी दुप्पट हवी. रोजा मोडेल म्हणून अनेकजण पंप टाळतात, त्रास लपवतात. पंपाबाबत उलेमांची मते वेगवेगळी आहेत, पण आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. जुम्याच्या बयानात इमाम साहेबांनी एवढं सांगितलं, आणि आरोग्य विभागाने प्रत्येक रुग्णाच्या हाती या खुणा व फोन नंबर लिहिलेला एक कागद दिला, तरी बरेच जीव वाचतील.