गवताखालची घरे

वेल्स म्हटले की कॅर्नार्व्हनच्या किल्ल्याचे बुरूज डोळ्यांपुढे उभे राहतात. वेल्श लोकांना जिंकल्यावर इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८३ मध्ये तो बांधावयास घेतला. पण जे जिंकले गेले, ते शेतकरी राहत कोठे? त्यांची घरे डोंगरउतारावरील गवताखाली आहेत. ती पाहावयास नजर मात्र तयार करावी लागते.

उताराच्या वरच्या अंगास माती खणावयाची आणि तीच खालच्या अंगास टाकून सपाट जोते करावयाचे, अशी तेथील रीत होती. घराचे एक टोक डोंगरात शिरलेले, दुसरे भरावावर. वरून येणारे पाणी वळविण्यासाठी डोंगराच्या बाजूस चर किंवा बांध असे. दक्षिण वेल्समधील गेलिगाएरच्या माळावरील अशा काही जोत्यांचे उत्खनन एलीन फॉक्स या विदुषीने १९३० नंतरच्या दशकात केले. अशा जागी हाती लागतात ती खापरे, चुलीची जागा आणि खांबांचे खळगे. सामान्यांचा इतिहास एवढ्यावरच वाचावा लागतो.

या वस्त्यांपैकी काही बारमाही होत्या, काही केवळ उन्हाळी. मे महिन्याच्या आरंभी कुटुंबातील माणसे गुरे घेऊन डोंगरावर जात, तेथे लोणी-चीज करीत आणि हिवाळ्याच्या तोंडाशी खाली उतरत. खालचे मूळ घर ते ‘हेन्द्रे’, म्हणजे जुनी वस्ती. वरचे ते ‘हावोद’, म्हणजे उन्हाळी घर. चौदाव्या शतकातील थंडावलेले हवामान आणि १३४९ ची प्लेगची साथ यांनी अनेक वस्त्या ओस पाडल्या. पुढे कित्येक हावोदांची कायमची शेतघरे झाली, पण नावे टिकली. भिंत नाहीशी झाली तरी नाव सांगते की येथे उन्हाळ्यात चूल पेटत होती.

म्हणूनच घर विकत घेणाऱ्या नव्या मालकाने जुने नाव काढून इंग्रजी नाव लावले, की एक पुरावाच पुसला जातो. २०१६ च्या कायद्यान्वये वेल्समध्ये ऐतिहासिक स्थलनामांची अधिकृत सूची करणे बंधनकारक झाले. २०१७ मध्ये ती सिद्ध झाली आणि तीत लक्षावधी नावे आली. मात्र नाव बदलण्यास त्या कायद्याने मनाई केली नाही. सूचीत नोंद राहते, दारावर नाव राहीलच असे नाही.

वाचकहो, जोते गवताखाली सुरक्षित राहू शकते. नावाला मात्र रोज उच्चारणारे ओठ लागतात.