नावानिशी नरक

‘डिव्हाइन कॉमेडी’चा विषय आपल्याकडे निघतो तो एकाच निमित्तानं. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे तिची जुनी हस्तलिखित प्रत आहे, ती एल्फिन्स्टननं दिलेली, आणि मुसोलिनी तिच्यासाठी म्हणे दहा लाख पौंड मोजायला तयार होता. टाऊन हॉलच्या पायऱ्यांचा फोटो, खाली हा किस्सा, झाली पोस्ट. किंमत सगळ्यांना पाठ. आत काय आहे ते विचारू नका.

मी रत्नागिरीचा. मला विचाराल तर आत शिमगा आहे.

आमच्याकडे शिमग्यात नाव घेऊन बोंब मारायची मुभा असते. दान्तेनं चौतीस सर्गांच्या नरकात तेच केलं, आणि लॅटिन सोडून आपल्या लोकांच्या भाषेत केलं, म्हणजे ज्याचं नाव घेतलं त्याच्या शेजाऱ्यालाही कळावं. सावकार गळ्यात घराण्याचं चिन्ह असलेल्या थैल्या अडकवून तापल्या वाळूवर बसलेत. लाचखाऊ अधिकारी उकळत्या डांबरात. तिसरा निकोलस हा पोप दगडातल्या भोकात उलटा, तळव्यांना आग लागलेली. दान्तेची चाहूल लागताच त्याला वाटतं, बॉनिफेसच आला! कवितेतलं साल १३००. आठवा बॉनिफेस तेव्हा जिवंत, गादीवर. त्याची जागा आधीच राखीव.

याला ‘दिव्य’ म्हणायचं? ते विशेषण मागाहून चिकटलं. त्यानं नुसतं ‘कॉमेडी’ म्हटलं होतं.

आता आपलं बघा. सुतकात गरुडपुराण वाचतात. वैतरणी आहे, कुंभीपाक आहे, पापांची यादी आहे. पापी मात्र ‘जो परधन हरतो तो’. भावाची जमीन लाटलेला काका समोर मांडी घालून ऐकत असतो, मग चहा पिऊन घरी जातो.

शिमग्याची बोंब ही शेवटी शिवीगाळच, असं म्हणाल. पण दान्तेच्या नरकात फक्त वैरी नाहीत. ज्याला तो गुरू मानायचा तो ब्रुनेत्तो लातिनीही आहे, आणि त्याच्याशी तो आदरानं बोलतो. तो न्यायी होता असंही नाही. प्रेषित मुहम्मदांना त्यानं नरकात टाकलं, त्याचा राग यायलाच हवा. मात्र स्वर्गात पोचल्यावरही एक शंका त्याला सोडत नाही: सिंधूकाठी जन्मलेल्या, ख्रिस्ताचं नावही न ऐकलेल्या सज्जन माणसाचा दोष काय? उत्तर मिळतं ते दटावणीचं. तरी प्रश्न त्यानं कवितेत ठेवला.

१३०२ मध्ये त्याच्यावरच भ्रष्टाचाराचा ठपका ठेवून, फ्लोरेन्समध्ये सापडला तर जाळा, असा निकाल दिला गेला. कारण राजकारण. परत जायचं तर गप्प बसणं सोयीचं होतं. तो बसला नाही, आणि १३२१ मध्ये राव्हेन्नात, परक्या गावी मेला. फ्लोरेन्सच्या नगरपालिकेनं ती शिक्षा रद्द केली २००८ मध्ये!

हे सगळं लांबचं वाटतं? ६ फेब्रुवारी २०२३, राजापूर. रिफायनरीची बाजू घेणाऱ्या एका जमीन दलालाबद्दल पत्रकार शशिकांत वारिशे यांची बातमी छापून आली. त्याच दिवशी त्यांना गाडीखाली चिरडलं गेलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. बातमी ज्याच्याबद्दल होती त्यालाच खुनाच्या आरोपाखाली अटक झाली.

तेव्हा पुढच्या वेळी टाऊन हॉलचा फोटो टाकाल, तर खाली मुसोलिनीचे पौंड लिहू नका. त्या डांबरातल्या एकाचं नाव लिहा. आणि त्याच्या शेजारी आपल्या तालुक्यातला कोण बसेल, तेही.