सायकलफेरी : व्यायामाचे अनुपान

आपल्या चिकित्सालयातून बाहेर पडणाऱ्या रुग्णाच्या हातातील चिठ्ठी एकदा त्रयस्थाच्या नजरेने वाचून पाहावी. चूर्ण किती, सकाळी की रात्री, जेवणापूर्वी की नंतर, मधाबरोबर की कोमट पाण्याबरोबर, हे सारे आम्ही काळजीपूर्वक लिहितो. औषधविक्रेते बंधूही ते रुग्णास पुन्हा एकदा समजावून सांगतात. त्याच चिठ्ठीच्या तळाशी मात्र दोनच शब्द असतात : ‘व्यायाम करणे’. किती, केव्हा, कोणत्या ऋतूत, कोणाच्या सोबतीने, याचा कोठेही उल्लेख नसतो. ज्या शास्त्राने मात्रा आणि काल यांवाचून औषधाचा विचारच केला नाही, त्या शास्त्राचे आम्ही अनुयायी व्यायामाच्या बाबतीत इतके निष्काळजी का व्हावे?

हा दोष आमच्याकडूनही घडला आहे, म्हणूनच हे लिहिण्याचे धाडस करीत आहोत. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी आयुर्वेदीय औषधांचे दुकान चालविणारे एक गृहस्थ प्रमेहासाठी आमच्याकडे येत असत. वय बावन्न, दिवसभर गादीवर बैठक आणि दुपारी जेवणानंतर दुकानातच झोप. चरकाचार्यांनी प्रमेहाच्या हेतूंत सांगितलेली आस्यासुख आणि स्वप्नसुख ही जोडी त्यांच्या ठायी मूर्तिमंत होती. ‘रोज सायकल चालवा’, एवढे सांगून आम्ही पुढच्या रुग्णाकडे वळलो. त्यांनी आमचा शब्द शिरोधार्य मानला. वैशाखातल्या एका सकाळी, साखर कमी करणारी आधुनिक गोळी घेऊन, पण न्याहारी न करता, पुतण्याची गिअरची सायकल काढून ते एकटेच निघाले. पहिल्याच दिवशी वीस किलोमीटर पुरे करायचे, असा त्यांचा निश्चय होता. परतताना उन्हात घेरी येऊन ते रस्त्याच्या कडेला कोसळले. शेजारच्या द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायांनी त्यांना सावलीत नेऊन गूळपाणी पाजले, म्हणून पुढचा अनर्थ टळला. तरी अक्षकास्थी मोडलेच. हात झोळीत अडकवून ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ते इतकेच म्हणाले, “वैद्यराज, चूर्णाला अनुपान सांगितलंत, सायकलीला नाही सांगितलंत.”

या वाक्याने आम्हांस जे शिकविले, ते पदवीच्या अभ्यासक्रमात पाठ करूनही आम्ही शिकलो नव्हतो. त्यानंतरच सांगलीतील आमच्या सायकल मंडळाच्या बुधवारच्या फेरीकडे आम्ही वैद्याच्या दृष्टीने पाहू लागलो. पहाटे पावणेसहाला गणपती मंदिरासमोर दहा-बारा जण जमतात. त्यांत आम्ही दोघे वैद्य, तिघे औषधविक्रेते, एक निवृत्त शिक्षक, बँकेतील एक कर्मचारी आणि एक शिंपीकाम करणारे गृहस्थ असतात. माधवनगर मागे टाकून तासगावच्या वाटेला लागले की वस्ती विरळ होते. उसाचे फड आणि कवलापूरच्या बाजूचे गाजराचे वाफे लागतात, त्यापुढे द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. एका टपरीवर चहा होतो आणि साडेआठच्या आत सर्वजण घरी परततात. येऊन-जाऊन वीस-पंचवीस किलोमीटरांचे अंतर होते. सर्वांत सावकाश चालविणारा पुढे राहतो आणि त्याला ओलांडून कोणी जायचे नाही, हा मंडळाचा एकमेव कडक नियम.

रविवारीही फेऱ्या निघतात, पण त्यांची प्रकृती निराळी. त्या दिवशी वेळेचे बंधन नसते. मोबाइलवर अंतर आणि वेग नोंदला जातो, तो दुसऱ्याच्या नोंदीशी ताडून पाहिला जातो, आणि शंभर किलोमीटर पुरे करण्याच्या ईर्ष्येने पन्नाशीची माणसे विशीतल्या मुलांच्या मागे लागतात. बुधवारी तसे होत नाही. दहा वाजता दुकान उघडायचे असते, रुग्ण येऊन बसलेले असतात, पुढे संपूर्ण दिवस उभा असतो. त्यामुळे कोणी न सांगताही प्रत्येकजण आपली अर्धी शक्ती राखून ठेवतो. वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्धभोजी मनुष्यासदेखील शीतकाळी आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावयास सांगितले आहे, आणि इतर काळी त्याहूनही कमी. आठवड्याच्या मधला कामाचा दिवस ही मर्यादा आपोआप सांभाळतो. मधल्या वारीच्या सामूहिक फेरीचे खरे वैद्यकीय महत्त्व आमच्या मते हेच आहे.

अर्धी शक्ती ओळखावी कशी? कपाळावर, नाकावर आणि सांध्यांच्या ठिकाणी घाम येणे, तोंडास कोरड पडणे, श्वास तोंडावाटे येऊ लागणे, या खुणा आपल्या ग्रंथांनी सांगितलेल्याच आहेत. आधुनिक व्यायामशास्त्रही मध्यम श्रमाची सोपी कसोटी अशी देते की मनुष्यास बोलता यावे, पण गाता येऊ नये. एकट्याने सायकल चालविणाऱ्यास ही कसोटी लागू करणे अवघड, कारण तो बोलणार कोणाशी? चार जण गप्पा मारीत चालले असतील तर ज्याचे बोलणे तुटू लागले त्याची शक्ती अर्ध्यावर आली, हे शेजाऱ्यास तत्काळ कळते. सोबत ही व्यायामाची केवळ करमणूक नव्हे. ती त्याचे मोजमाप आहे.

येथे कोणी विद्वान आक्षेप घेतील की वात-पित्ताच्या रोग्याने, बालकाने, वृद्धाने आणि अजीर्ण असलेल्याने व्यायाम वर्ज्य करावा, असे शास्त्रवचन असताना साठी उलटलेल्यांना सायकलीवर बसविणे कितपत योग्य? आक्षेप गंभीर आहे. मात्र निषेधामागील हेतू बलरक्षणाचा आहे, निष्क्रियतेचा नव्हे, अशी आमची धारणा आहे. अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, श्वास, रक्तपित्त, कास, ज्वर उद्भवतात, हे सांगणाऱ्या शास्त्रानेच प्रमेहात व्यायामास मोठे स्थान दिले आहे. सुश्रुताचार्यांनी निर्धन प्रमेही रुग्णास पादत्राण व छत्रीवाचून, भिक्षेवर निर्वाह करीत, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजने चालावयास सांगितले. गावोगावचा प्रवास हीच चिकित्सा, ही कल्पना आम्हांस परकी नाही. आज तो प्रयोग अक्षरशः करता येणार नाही. परंतु हृदय, रक्तदाब, गुडघे आणि चालू औषधे तपासून, बलाबल पाहून, निवृत्त शिक्षकांसही त्यांच्या अर्ध्या शक्तीइतके चालविता येते. त्यांची अर्धी शक्ती आमच्या पावपट असेल. म्हणूनच ते पुढे आणि आम्ही मागे.

ऋतुचर्येचेही भान हवे. ग्रीष्म आणि वर्षा या दोन्ही ऋतूंत चरकाचार्यांनी व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. आमचे मंडळ चैत्र संपताच तासगावची वाट सोडते आणि जवळच्या हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमापर्यंत जाऊन ऊन चढण्यापूर्वी परतते. पावसाळ्यात फेरी बहुधा बंदच असते. यावरून तरुण सभासद आमची थट्टा करतात, ती आम्ही आनंदाने सोसतो.

या फेरीचा आणखी एक लाभ आपल्या व्यवसायाशी निगडित आहे. एकदा टपरीजवळ सायकली टेकविल्या असता आमच्यातील एका अनुभवी औषधविक्रेत्यास पायाशी पसरलेली पुनर्नवा ओळखता आली नाही. आयुष्यभर त्यांनी ती पोत्यात वाळलेली पाहिली होती. आम्हांलाही ती आणि विषखापरा यांतील भेद दाखविताना दोनदा पाने उलटून पाहावी लागली. बाजारात जेथे या दोन वनस्पतींची सरमिसळ होते, तेथे वैद्य आणि विक्रेता या दोघांनी एकत्र रस्त्याच्या कडेला वाकून पाहणे हे मोठेच शिक्षण आहे. सायकलीचा वेग त्यासाठी योग्य. मोटारीतून अपामार्ग दिसत नाही.

अशा फेऱ्या ही आमचीच नवी कल्पना आहे, असे नाही. इंग्लंडात १८७८ साली सायकलप्रवाशांची जी संस्था स्थापन झाली, ती आज ‘सायकलिंग यूके’ या नावाने ओळखली जाते आणि तिच्या स्थानिक गटांतून मधल्या वारी ग्रामीण भागात फेऱ्या काढण्याची प्रथा आहे. त्यांत निवृत्त मंडळींचा भरणा असतो आणि चहाचा थांबा हा त्यांचाही अविभाज्य भाग. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमांची शिफारस केली आहे. अडीच तासांची एक सावकाश फेरी त्यातील मोठा वाटा उचलते. उरलेला रोजच्या चालण्याने भरून निघतो.

म्हणून आमची व्यवसायबंधूंस विनंती आहे की चिठ्ठीच्या तळाशी ‘व्यायाम करणे’ एवढेच लिहिण्याची प्रथा आता सोडावी. प्रकार, मात्रा, काल आणि सोबत अशा चार गोष्टी तेथे लिहाव्यात. साखर कमी करणारी औषधे चालू असल्यास रिकाम्या पोटी निघू नये आणि खिशात गूळ किंवा साखर ठेवावी, हेही स्पष्ट लिहावे. औषधविक्रेत्यांनी जसे अनुपान समजावून सांगावे, तसेच हेही सांगावे. आणि शक्य असेल तेथे संघटनेच्या तालुका शाखांनी मधल्या वारी एक फेरी सुरू करावी. त्यासाठी महागड्या सायकली नकोत. डोक्यावर शिरस्त्राण, मोठ्या रस्त्यावर एकेरी रांग आणि मागे राहणाऱ्याची वाट पाहण्याची तयारी एवढे पुरे.

अक्षकास्थी मोडलेले ते गृहस्थ पुन्हा सायकलीवर बसण्यास दीड वर्ष लागले. पहिल्या बुधवारी ते माधवनगरपासूनच परत फिरले, आणि आम्ही सर्वही त्यांच्याबरोबर परतलो. आता ते कवलापूरपर्यंत येतात. त्यांची रक्तशर्करा कधी आटोक्यात असते, कधी नसते. एका फेरीने प्रमेह जातो असा दावा आम्ही करणार नाही. पण चहाच्या टपरीवर बसल्यावर नव्या सभासदास ते हमखास विचारतात, “अनुपान ठाऊक आहे ना?” आणि हा प्रश्न खरे तर आमच्यासाठी असतो, हे आम्ही जाणून आहोत.